मामाजींची मारुती: दुरुस्तीच्या नोंदी, मार्च ते जून २०२४

३१ मार्च, रविवार

दारव्ह्याला बस स्टँडसमोरच्या गर्दीत गाडी तापली. काटा लाल पट्टीच्या वर, बॉनेटमधून वाफ, मागून ट्रॅक्टरवाल्याचा हॉर्न. चिरंजीव आणि पानटपरीवरच्या दोघांनी ढकलत ढकलत ती कडुलिंबाखाली नेली.

गॅरेजवाला आला. गाडी मी चालवत होते, चावी माझ्या हातात, तरी तो बोलला सगळं माझ्या तेरा वर्षांच्या पोराशी. "बाबू, पप्पाले फोन लाव अन् सांग, फॅनची मोटर गेली. हेडचं पॅकिंगही गेलं असन. चार-साडेचार हजार धरून चाला." याच माणसानं फेब्रुवारीत 'थर्मोस्टॅट काढून टाकला, आता जिंदगीत तापणार नाही' म्हणत अठराशे घेतले होते. पप्पा पुण्याला कंपनीत, त्यांना फोन करून काय होणार? घरी विचारून सांगते म्हटलं. तासभर थांबलो, इंजिन निवल्यावर पाणी घातलं आणि निघालो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, एवढं मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शिकवून ठेवलं होतं.

घरापर्यंत चौदा किलोमीटर. रस्त्यानं काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. अंगणात आल्यावर मुद्दाम चालू ठेवून उभी केली, तर दहा मिनिटांत पुन्हा चढायला लागला.

चालताना तापत नाही, उभी राहिली की तापते. हे वाक्य शाळेच्या जुन्या, अर्ध्या कोऱ्या हजेरीपटात लिहून ठेवलं. पटावर विद्यार्थी एकच: मारुती ८००, जून १९९९ ची, एमएच-२९, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, कार्बोरेटरवाली. मामाजींनी ती कापसाच्या चुकाऱ्यात घेतली होती. ते जाऊन तीन वर्षं झाली. नोंदणी २८ जूनला संपते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, म्हणजे ही तिसरी वेळ. यवतमाळला आरटीओत गाडी दाखवायची तर तोवर ती धड उभी राहायला हवी. विकायची असती तर भंगारवाला तयारच आहे. सासूबाईंना तो शब्दही चालत नाही.

३ एप्रिल, बुधवार

सकाळची शाळा करून मिस्त्रीकाकांकडे गेले. एसटीच्या डेपोत तीस-बत्तीस वर्षं काढलेला माणूस. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात मामाजींच्या शेजारी बसून खंजिरी वाजवायचे. आता गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पाना धरत नाहीत.

"मले वाकता येत नाई सूनबाई. तू कर, मी बाजीवर बसून शिव्या देतो."

मी हजेरीपटातलं वाक्य वाचून दाखवलं. ते खूश झाले. गाडी चालते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीला फॅनशिवाय इलाज नाही. म्हणजे फॅनकडे बघायचं. पण 'मोटर गेली' आणि 'फॅन फिरत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. फॅन न फिरायला मोटर, फ्यूज, वायर, थर्मो स्विच, कोणीही कारण असू शकतं. "त्यानं पायलं का? नाई पायलं. आंगावर आलं ते बोलला."

आणि एक अट घातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन बदलल्या अन् गाडी सुधरली, तं बिमारी कोणती होती हे तुले जन्मात समजणार नाई."

७ एप्रिल, रविवार

साडेपाच ते साडेआठ. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही आणि लोखंडाला हात लावायची सोय नाही. पुढेही हीच वेळ राहील.

डिकीत मामाजींचं सामान: जॅक, चाकाचा पाना, एक मोडकं पेचकस आणि १९९९ चं माहितीपुस्तक, कडा उंदरांनी खाल्लेलं. (उंदरांची नोंद घ्यावी. पुढे येतील.) परवा यवतमाळहून आणलेलं: फिक्स आणि रिंग पान्यांचा संच ८५०, मल्टिमीटर ३५०, प्लग पाना ११०, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या) १२०. एकूण १४३०.

आज काहीच उघडलं नाही, बॅटरी सोडून. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. आधी मायनसची वायर काढायची, लावताना ती शेवटी. कारण प्लस सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेली असली, की ठिणगी ठरलेली. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतला, फसफसून सगळं निघालं. कोरडं करून वरून व्हॅसलीन. मीटर लावलं: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरीही बरी, अल्टरनेटरही चार्ज करतो. दोन संशयित कमी झाले.

उरलेला वेळ नुसती बघत बसले आणि इंजिनचं चित्र काढलं, चौथीच्या पोरांकडून झाडाचे भाग काढून घेते तसं. बाण काढून नावं लिहिली. अकरा ठिकाणी प्रश्नचिन्ह.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गाडीला गाठी-हार. आज बॉनेट उघडायचं नाही, सासूबाईंची सक्त ताकीद.

१४ एप्रिल, रविवार

भीमजयंती. संध्याकाळी मिरवणुकीला जायचं होतं, म्हणून काम लवकर सुरू केलं.

आधी हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालची सीलची पत्ती, कारण तीच सगळ्यात महागाची भीती. थंड इंजिनवर झाकण काढून गाडी चालू केली, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल काळं, पण ताकासारखं फुटलेलं नाही. पॅकिंग गेलं असतं तर पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळल्याची अशी काही खूण दिसली असती. काका बाजेवरून म्हणाले, "सध्या तरी हेडले हात लावू नको."

मग फॅन. मोटरचा जोड सोडला, दोन वायरी थेट बॅटरीवरून दिल्या. फॅन गर्रकन फिरला. चिरंजीव ओरडला, "आई, मोटर तं जित्ती हाय!"

फ्यूज मीटरवर बीप करतो, म्हणजे शाबूत. आता थर्मो स्विच. पाणी ठरावीक तापलं की हा स्विच आतून जुळतो आणि फॅन सुरू होतो. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या, चावी ऑन केली. फॅन ढिम्म. म्हणजे स्विचचा दोष आज तरी सिद्ध होत नाही, मधली वायरच कुठेतरी तुटली आहे. बोटानं चाचपत निघाले. हेडलाइटच्या मागे काळी टेप गुंडाळलेला झुपका होता, तिथे टेपच्या आत वायरच नव्हती. तांब्याची दोन कुरतडलेली टोकं आणि लेंड्या.

गाडी उभी राहते त्या पडवीतच तुरीची पोती आहेत. उंदराला तूर आणि वायर यांत भेद करता येत नाही, की तूर खाल्ल्यावर दात घासायला वायर लागते, कोण जाणे.

गावातल्या मोबाइलवाल्याकडून सोल्डरिंगची कांडी उसनी आणली. टोकं सोलून, पिळून, डाग देऊन, वर रबरी नळी चढवली. जुळणी चुकली, नळी आधी वायरीत ओवायची असते हे डाग दिल्यावर आठवलं. पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. गाडी उभी ठेवून वाट बघितली. काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि फॅन आपोआप लागला. चार मिनिटांत काटा खाली, फॅन बंद. असं तीनदा झालं.

खर्च: चाळीस रुपये. चार-साडेचार हजारांच्या जागी.

मिरवणुकीला गाडी नेली. गर्दीत अर्धा तास मुंगीच्या पावलानं. तापली नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

काकांचं म्हणणं, काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसव. तो एक झडप आहे. इंजिन थंड असताना पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापून कामाला लागतं. झडपच नसली तर इंजिन बराच वेळ थंड राहतं आणि पेट्रोल पितं. आपल्याकडे 'गरम मुलुखात त्याची काय गरज' म्हणून सर्रास उपटून टाकतात. पण मे महिन्यातही इंजिनच्या दृष्टीनं बाहेरची हवा थंडच असते.

नवा आणला. बसवण्याआधी पातेल्यात उकळून पाहिला. त्यावर ८२ कोरलं होतं, म्हणजे ८२ अंशाला उघडायला लागणार. पाण्यात बुडवायचा थर्मामीटर घरात नाही, तेव्हा नुसता डोळ्यांनी अंदाज: पाणी उकळायच्या बरंच आधी झडप उघडू लागली, बाहेर काढल्यावर मिटली. सासूबाई: "काय वं माय, आज काय शिजवून राह्यली?"

जुनं पाणी काढलं तर गेरूसारखं लाल. इतकी वर्षं बोअरचं पाणी घातलेलं, आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की चहाच्या भांड्याला थर बसतो, तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल! तीनदा धुतला. आता अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीवाल्याकडचं पाणी.

२१ एप्रिल, रविवार. फजिती

ऑइल बदलायचं होतं. काल संध्याकाळी पुढची चाकं उचलून खाली भट्टीच्या विटा रचल्या होत्या. काकांनी काठीनं एक वीट ठोकली, तिचा कोपरा गळून पडला. "इटेवर इठोबा उभा रायते सूनबाई, गाडी नाई." वीट दाब आला की चिरत नाही, एकदम फुटते. नुसत्या जॅकवरही खाली जायचं नाही, जॅक फक्त उचलायला. शेजाऱ्यांकडून बाभळीचे दोन जाड ओंडके आणले, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी हलवून बघितली, मगच खाली सरकले.

इथवर सगळं शहाण्यासारखं. मग मी खालचा नट सोडला आणि तसराळ्यात काळं ऑइल येण्याऐवजी पिवळसर, जाड, सडक्या अंड्यासारख्या वासाचं काहीतरी आलं. ते गिअरचं ऑइल होतं. इंजिनच्या चेंबरचा नट शेजारी, मी गिअरबॉक्सचा उघडला. चित्रात इथेच प्रश्नचिन्ह होतं.

काका हसले नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं. म्हणाले, डेपोत नवा पोरगा आला की पहिल्या महिन्यात हे करतोच. नियम सांगितला: खाली करण्याआधी भरायची जागा शोध. वरचं झाकण, डिपस्टिक, चेंबर हे एका ओळीत लाव, तेव्हाच पाना फिरव.

इंजिन ऑइल बदललं. आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून कोमट करायचं, म्हणजे ऑइल गाळासकट वाहतं. २०डब्ल्यू-४० चा तीन लिटरचा डबा आणला होता, थोडं उरलं. फिल्टरच्या रबराला बोटानं नवं ऑइल लावून हातानंच आवळला, पाना नाही. जुनं काळं ऑइल शेजारच्यांना गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी हवं होतं. बाजूलाच विहीर आहे, दिलं नाही. कॅनमध्ये भरून ठेवलंय, दारव्ह्याला जुनं ऑइल विकत घेणाऱ्याला देईन.

पण गिअर ऑइल गावात मिळत नाही. गाडी ओंडक्यांवरच.

२४ ते २७ एप्रिल

लोकसभेची ड्युटी. यवतमाळ-वाशिमचं मतदान २६ ला. प्रशिक्षण, साहित्य घेणं, केंद्रावर मुक्काम, रात्री यंत्रं जमा करणं. गाडीची नोंद नाही. केंद्रावर जायला साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमची गाडी आहे ना?" आहे, पण ओंडक्यांवर.

एक फायदा झाला. यवतमाळहून गिअर ऑइल, ८०डब्ल्यू-९०, घेऊन आले.

२८ एप्रिल, रविवार

गिअर ऑइल भरलं. भरायचं भोक बाजूला असतं, बाटली आडवी धरायला जागा नाही. सलाइनची नळी आणि नरसाळं, वर चिरंजीव, खाली मी. "ऊतू गेलं की भरलं," हेच माप. भोकाच्या काठावरून थेंब यायला लागले तेव्हा नट लावला. नवा वॉशर घातला. दोन्ही नटांशेजारी पांढऱ्या ऑइल पेंटनं इं आणि गि लिहून टाकलं.

५ मे, रविवार

शाळेचे निकाल लागले, सुट्टी लागली. आज 'मिसिंग'. गाडी उभी असताना हिसके देते आणि चढावर दम टाकते.

तीनही प्लग काढले. तिघेही काजळीनं काळेकुट्ट. चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं, काळं म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एकच काळा असता तर त्या सिलिंडरपुरता दोष. तिन्ही काळे, म्हणजे दोष सगळ्यांच्या वाटेवर, प्लगच्या आधी कुठेतरी. पितळी ब्रशनं घासले, फट मोजली, पुस्तकाप्रमाणे ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणली. डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीतले) पॉइंट खड्डे पडलेले होते, नवे घातले, फट ०.४ ते ०.५ च्या मध्ये. फीलर गेजची पट्टी सरकताना जराशी अडली पाहिजे, पोळीच्या खालून उलथनं सरकतं तशी मोकळी नाही. हे हाताला कळायला एक तास गेला.

आणि मग सेल्फ मारला. फट्ट! कार्बोरेटरमधून असा बार निघाला की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं.

प्लगच्या तिन्ही वायरी मी एकदम उपटल्या होत्या. पुन्हा लावताना १, २, ३ अशा सरळ ओळीत लावल्या. इंजिनचा क्रम १-३-२ आहे. वायर चुकली की ठिणगी नको त्या सिलिंडरला, नको त्या वेळी पडते. अदलाबदल केली, पहिल्या सेल्फला लागली. काकांच्या सांगण्यावरून वायरींना राखीचे तीन रंगांचे दोरे बांधले. पुढच्या वेळी एक वायर काढायची, एक प्लग करायचा, वायर लावायची, मग दुसरी.

म्हैस गावच्या तलावावर सापडली.

मी एक नियम मोडला हेही लिहून ठेवते: प्लग आणि पॉइंट दोन्हींचं काम एकाच दिवशी केलं. मिसिंग कमी झाली, पण कशामुळे, सांगता येत नाही.

१२ मे, रविवार

आठ दिवसांत प्लग पुन्हा काळे. म्हणजे मूळ कारण राहिलंच.

गॅरेजवाल्यांचं उत्तर यावर ठरलेलं असतं: कार्बोरेटर खोलून किट टाकू. मी कार्बोरेटरला हात लावायला घाबरत होते, आतमध्ये सुईएवढे जेट असतात. काका म्हणाले खोलू नको, एअर फिल्टरची डबी काढ आणि नुसती आत बघ. चिरंजीवाला चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करायची) मूठ ओढायला आणि सोडायला लावली. मूठ ओढली, वरची पत्ती मिटली. सोडली, पत्ती अर्ध्यावरच थांबली. मूठ डॅशबोर्डवर पूर्ण आत गेलेली दिसत होती, खाली केबल गंजून अडकली होती. गाडी गेले कित्येक महिने अर्धा चोक ओढून धावत होती! त्यात एप्रिलपर्यंत थर्मोस्टॅटही नव्हता. काजळी नाही येणार तर काय.

केबलमध्ये ऑइलचे थेंब सोडून शंभरदा मागेपुढे केली. पत्ती आता टक्कन उभी राहते. एक रुपया खर्च नाही.

डबी काढलेलीच होती म्हणून पेट्रोलचा वास कुठून येतो तेही शोधलं. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी चिरा पडून ओली झालेली. देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ च्या जूनमध्येच सरासरी दहा टक्क्यांवर गेलं, वीस टक्केवालं २०२३ च्या फेब्रुवारीपासून विकायला आलं. १९९९ च्या रबराला हे कोणी विचारलं नव्हतं. इथेनॉल चालेल अशी नळी मागून आणली, क्लिपाही नव्या. काम करताना बॅटरी सोडलेली, वाळूची बादली जवळ, आणि शेजारच्या काकांना बिडी घेऊन लांब बसवलेलं.

१९ मे, रविवार

प्लग तपकिरी. तिघेही! फोटो काढून पुण्याला पाठवला. उत्तर आलं: "हे काय आहे?"

२६ मे, रविवार

ऊन. अकोल्यात तर कालपासून उन्हामुळे १४४ कलम लावलंय. पहाटे पाचलाही पत्रा गरम. काम फक्त एक तास: हातब्रेक तपासला. बसवेश्वराच्या देवळाच्या उतारावर हातब्रेक पूर्ण ओढूनही गाडी सरकते. आरटीओत हे चालणार नाही.

२ जून, रविवार

ब्रेक. आज काका बाजेवरून उठून खुर्ची घेऊन अगदी चाकाशी बसले. "बाकी चुकलं तं गाडी चालणार नाई. हे चुकलं तं थांबणार नाई."

मागच्या चाकाचा ड्रम निघेना. मधली डबी, स्प्लिट पिन, नट काढला, तरी जागचा हलेना. हातब्रेक सोडला आहे ना, हे काकांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बघितलं तर ओढलेला होता. आत शूंवर, म्हणजे ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांवर, भुकटी साचलेली. ती फुंकायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसायची. डाव्या चाकाचा शू ओला दिसला. व्हील सिलिंडरचं रबर गळत होतं. तेल लागलेला शू धुऊन चालत नाही. दोन्ही बाजूंचे शू नवे, डावा सिलिंडर नवा. एकाच चाकाचे बदलले तर गाडी एका बाजूला ओढते. स्प्रिंगा काढताना उजवी बाजू मुद्दाम तशीच ठेवली, म्हणजे कुठली स्प्रिंग कशी बसते ते बघायला आरसा राहतो. ही युक्ती माझी, काकांनी मान डोलावली.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चिरंजीव आत पेडलवर, मी खाली नळी आणि बाटली घेऊन. "दाब... धरून ठेव... सोड." पण सोड म्हणायच्या आत नट आवळला पाहिजे, नाहीतर सोडल्यावर हवा परत आत जाते. सुरुवातीला आमचं जमेना, तो माझ्या आवाजाच्या आधी पाय उचलायचा. शेवटी त्यानं एसटीच्या कंडक्टरसारखी घंटी ठरवली. एक टिंग दाब, दोन टिंग सोड. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले तेव्हा साडेदहा वाजले होते. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, म्हणून पाण्याची बादली शेजारी होती. उपयोगी पडली.

काकांनी स्वतः पेडल दाबून बघितलं. बराच वेळ दाबून धरलं, पेडल खाली बसतं का बघायला. मग म्हणाले, गावाबाहेरच्या पांदणीवर हळू चालवून दहा वेळा थांबव, तोवर डांबरी रस्त्यावर जायचं नाही.

देवळाच्या उतारावर हातब्रेक ओढला. गाडी उभी.

९ जून, रविवार

मृग लागला, पहिला पाऊस. कपाशीचं बियाणं आणायला दारव्ह्याला गेलो. पाकीट ८६४ रुपये, रांग मोठी. गाडी रांगेशेजारी चालूच ठेवली होती, फॅन लागायचा, बंद व्हायचा. त्याच कडुलिंबाखाली लावली होती. गॅरेजवाला समोरून गेला, चिरंजीवाला म्हणाला, "केलं का बाबू हेडचं काम?" तो म्हणाला, "आईले विचारा."

२० जून, गुरुवार

यवतमाळ, आरटीओ. अर्ज ऑनलाइन भरलेला, नमुना २५. नोंदणी वाढवायचे पाच हजार, पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांची ही फी इतकी वाढलीय की गाडीच्या आताच्या किमतीशी तुलना करायची नाही असं ठरवलंय. विमा, पीयूसी बरोबर. पीयूसीचा आकडा चांगला आला, तो कागद मी नाहक दोनदा दाखवला.

चेसिस नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतला. दिवे, इंडिकेटर, वायपर, ब्रेक. मग साहेब म्हणाले, "हॉर्न द्या."

हॉर्न वाजेना. काल रात्री वाजला होता.

मला ताबडतोब कळलं. पंधरा मिनिटं मागून घेतली. डिकीतून मीटर आणि पान्यांची पिशवी काढली, साडीचा पदर खोचला आणि हॉर्नच्या वायरीवर बोट फिरवत गेले. बंपरच्या मागे दोन कुरतडलेली टोकं, ताजी. रबरी नळी या वेळी आधी ओवली. सोल्डर नव्हता, पिळून टेप लावली. पॅssप. रांगेतला एक मेटॅडोरवाला टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा लाज वाटली.

साहेबांनी सही करता करता विचारलं, "कोणत्या गॅरेजची गाडी आहे ही?"

"घरची."

जून २०२९ पर्यंत मुदत वाढली.

२३ जून, रविवार

हॉर्नच्या वायरीला रीतसर डाग दिला. तुरीची पोती पडवीतून माजघरात. गाडीजवळ लोखंडी पिंजरा, आत भाकरीचा तुकडा आणि शेंगदाणे.

राहिलेलं काम: टायमिंग बेल्ट. शेवटचा कधी बदलला याची नोंद मामाजींच्या डायरीत सापडत नाही, म्हणजे बदललाच पाहिजे. ते दसऱ्याच्या सुट्टीत, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. ते म्हणतात, टायमिंगची खूण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.

२४ जून, सोमवार

पिंजऱ्यात एक.

२५ जून, मंगळवार

पिंजऱ्यात दोन, एक पिल्लू. शेंगदाणे चालतात, भाकर नाही.